भाजणी पुसायचं कलम

मसाल्याच्या कारखान्यातून तीस वर्षांनी निवृत्त होताना गोदूबाई जमदाडेंसमोर साहेबांनी करारनामा ठेवला. सही केली, की कारखान्यात शिकलेलं सगळं यंत्रानं डोक्यातून पुसलं जाणार होतं.

"मग काय, सुनेनं करपवलेलं गिळू?" गोदूबाई कडाडल्या.

त्यांच्या बाजूनं आलेल्या वकीलबाई केतकी खरातनं शांतपणे विचारलं, "मावशी, मिरची भाजायला कुणी शिकवलं?"

"सासूनं! तेव्हा हा कारखाना जन्मलाही नव्हता."

"म्हणजे कारखानाच यांच्याकडून शिकला. साहेब, कलम दोघांनाही सारखंच लागू होईल. आधी तुमच्या भट्टीच्या यंत्रातून यांची भाजणी पुसा."

साहेबांनी पेन उचलून कलम खोडलं.

जन्मात कुणाचं कौतुक न केलेल्या गोदूबाईंनी केतकीच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "पोरी, तुझ्यासारखी सून मिळाली असती, तर चूल कधीच तिच्या हाती दिली असती गं!"