मच्छिंद्राच्या अंगावरचा तक्ता

"हलू नको," मुकुंद मास्तर म्हणाले.

"गुदगुल्या होऊन राह्यल्या, मास्तर."

पोरं खदखदून हसली. आसपासच्या सगळ्या जत्रांत कुस्त्या मारणारा मच्छिंद्र लंगोट लावून फळ्यासमोर उभा होता आणि मास्तर चावलेल्या दातवणाच्या काडीनं त्याच्या छातीवर चित्र काढत होते. टेंभुर्णीची शाळा उर्दूची मराठी झाली, पुस्तकंही आली. शरीराचा तक्ता मात्र जालन्याहून यायचा तो आलाच नाही. दिवाळी गेली, शिमगा तोंडावर आला. शेवटी मास्तर तालमीत गेले आणि त्यांनी मच्छिंद्रालाच विचारलं. अंग दाखवायला त्याची कधीच ना नसे.

चुन्यानं फुप्फुसं झाली. कावेनं काळीज. "मूठ वळ," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मच्छिंद्राची मूठ त्या लाल आकाराशेजारी धरली. "जेवढी ज्याची मूठ, साधारण तेवढं त्याचं काळीज." पोरांनी आपापल्या मुठी वळून पाहिल्या.

मग नीळ कालवली. गळ्यापासून एक रेघ खाली आली, जठराशी फुगली, आणि बेंबीभोवती आतड्यांचे वळसे सुरू झाले. काडी फिरत राहिली. वळसे संपेनात.

"हे सरळ केलं तर त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत जाईल," मास्तर म्हणाले.

मच्छिंद्रानं मान वाकवून आपल्या पोटाकडं पाहिलं. त्याचं हसू थांबलं होतं.

"हे समदं माझ्यात हाय?"

"तुझ्यात, माझ्यात, या पोरांत. सगळ्यांत."

"आन् मी झोपलो म्हंजे?"

"तेव्हाही चालूच."

डोक्यावर भरली घागर असल्यासारखा मच्छिंद्र जपून उभा राहिला. आता त्याला हलू नको म्हणावं लागत नव्हतं.

तेवढ्यात त्याची आई दारात आली. सोनूबाई रानात गहू सोंगत होती. मास्तरनं तुझ्या मच्छिंद्राचं काळीज बाहेर काढलं, असं तिला बांधावरून कुणीतरी ओरडून सांगितलं होतं. तिला धाप लागली होती. हातात विळा तसाच होता. पोरं भिंतीला सरकली.

"माय, काई न्हाई झालं," मच्छिंद्र म्हणाला.

तिनं त्याच्या छातीवरचा लाल गोळा पाहिला.

"काय करून राह्यले तुम्ही, मास्तर? जित्या माणसाचं आतलं भाईर मांडता? नजर लागंल त्याला. दोन गेले माझे. हा एक ऱ्हायला. पुसा. जल्दी पुसा."

मास्तरांनी वाद घातला नाही. "पुसतो, मावशी," म्हणत त्यांनी फडकं पाण्यात बुडवलं आणि उजव्या फुप्फुसावरून फिरवलं. चुन्याचा ओघळ फासळ्यांवरून खाली आला.

"थांबा," सोनूबाई म्हणाली.

ती जवळ आली होती. विळा तिनं खाली ठेवला. "ह्ये पुसलं ते काय व्हतं?"

"फुप्फुस. श्वास घेतो ना, तो इथं येतो."

"आन् ह्ये?"

"काळीज."

तिनं त्यावर तळवा ठेवला. खाली धडधड लागत होती. हात काढायचं तिला सुचलं नाही.

"ह्ये कुणी बसवलं, मास्तर?"

मास्तरांनी एकदा पोरांकडं पाहिलं आणि ते हलक्या आवाजात म्हणाले, "बसवलं कुणी नाही, मावशी. तुमच्या पोटात हळूहळू झालं. जन्मला तेव्हा हे सगळं त्याच्यात होतं. काळीज तर फार आधी चालू झालं. तुम्हाला दिवस गेल्याचं नीट कळलंही नसेल तेव्हा."

सोनूबाई आठवत राहिली.

"मी तवा सडकेवर खडी फोडत व्हते," ती म्हणाली. "पाऊसच नव्हता त्या साली. अर्धी भाकर खायची आन् वरून पानी प्यायचं. मंग हे कशातून झालं?"

"त्यातूनच. जमिनीतलं ज्वारीत आलं, वरून ऊन घेतलं तिनं. ज्वारीतलं तुमच्यात, तुमच्यातलं याच्यात. दुसरं कुठून येणार?"

खिडकीबाहेर ज्वारी उभी होती, कणसं खाली झुकलेली. सोनूबाईनं ती जन्मभर पाहिली होती. तिनं पुन्हा पाहिली. मग मुलाकडं वळून तिनं गळ्यापासून बेंबीपर्यंतची रेघ बोटानं, रंगाला न शिवता, वरून खाली हलके हलके गिरवली.

"मला धड गोधडी शिवता येत न्हाई, मास्तर," ती म्हणाली.

मास्तरांनी फडकं बाजूला ठेवलं.

त्या दिवशी मच्छिंद्र तालमीत गेला नाही. आंघोळही केली नाही. दिवेलागणीला तो चुलीपुढं उघडाच जेवायला बसला. एरवी सोनूबाई वाढायची आणि गोठ्याकडं निघून जायची. आज ती समोर बसून राहिली.

"काय बघून राह्यली, माय?"

"खा तू."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, चावला, गिळला. गळ्याचा मणी वर जाऊन खाली आला, आणि तिची नजर निळ्या रेघेवरून त्या घासामागं सावकाश उतरत गेली.