झोपडीतली नोंदवही

आबांशी भांडून घर सोडून गेलेला कुंदन दोन वर्षांनी कोकणच्या समुद्रात बुडाला. शेवटचे चार दिवस तो किनाऱ्यालगतच्या रानात, वनखात्याच्या मुक्कामाच्या झोपडीत राहिला होता, एवढंच पोलिसांकडून कळलं. वर्षश्राद्ध झाल्यावर लताबाईंनी हट्टच धरला, म्हणून उखर्डूआबा रावेरची केळीची बाग भावावर सोपवून त्यांना तिथं घेऊन आले. झोपडीत वीज नव्हती, पाणी विहिरीचं शेंदून आणायचं. लेक जिथं निजला असेल त्या फळीवरून लताबाई कितीतरी वेळ हात फिरवत बसल्या.

रखवालदारानं सहीसाठी नोंदवही आणून दिली. आबांनी मागची पानं उलटली, तर कुंदनचं अक्षर सापडलं.

"काय लिव्हेल हाये हो त्यानं?" लताबाईंनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

आबांनी घसा खाकरला. "लिव्हेल हाये, जागा लई चांगली हाये. पुढच्या वख्ती आईले अन् आबाले घेऊन यीन."

लताबाईंनी वही छातीशी धरली. वर्षभरानं त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.



'अडचण आल्यास घरी कोणाला कळवावे?' या रकान्यात कुंदननं लिहिलं होतं, 'कोणी नाही.'