खिशातली पक्कड

कारखान्याच्या बॉयलरवर उमर काढलेल्या भिवाजींनी अकरा वर्षं खपून घडवलेली वाफेची बोट जाम नदीच्या काठावर भाची पूनमच्या हवाली केली, नारळ फोडला. फक्त पक्कड खिशातच ठेवली. ती त्यांनी कधी कुणाच्या हाती पडू दिली नव्हती. पूनम आधी बोटीच्या बॉयलरपाशी वाकली. “मामा, सेफ्टी व्हॉल्व्ह तारेनं कायले बांधला?” “वाफ गळून राहिली होती. सोडला त बोट पल्याड सावरगावच्या काठाले लागत नाही.” “नाही लागली त वल्हं मारीन. पण वाफ कोंडून बॉयलर फुटला त? बांधल्या व्हॉल्व्हवर मी आग पेटवत नाही.” काठावर जमलेली माणसं ऐकत होती. भिवाजींचे कान तापले. नोकरीत असा व्हॉल्व्ह दिसला की तेच समोरच्याला सोलून काढत. “पक्कड द्या,” पूनम म्हणाली. त्यांनी दिली. तार तुटली. पूनमनं पक्कड परत पुढं केली. “ठेव तुह्यापाशी,” ते म्हणाले, “मी वल्हं आणतो.”