लाकडी पाटी

बारा वर्षं बंद असलेल्या बंगल्याची हिरवळ पुन्हा आणायला मला पाच महिने लागले. सगळ्यात जास्त छळलं ते थोरल्या झाडाखालच्या सावलीने. तिथे गवत धरेना. शेवटी सावलीत वाढणारं गवत आणून एकेक काडी हाताने लावली आणि लाकडी पाटी ठोकली: ‘गवतावर पाय ठेवू नये.’ सत्तरीच्या मालकीणबाई आल्या त्या दोरखंड घेऊनच. “याच फांदीला माझा झोका होता, माळीदादा. बांधून द्या.” “नातवंडांसाठी?” “नातवंडं कसली, मलाच बसायचंय.” “बाई, आठवड्यात टक्कल पडेल इथे.” “मग हिरवळ केलीत कशाला, बघायला?” मी दोरखंड हातात घेतला. बसायला फळी नव्हती, म्हणून पाटीच उपटली, तिला भोकं पाडून दोर ओवला. बाईंनी चपला भिरकावल्या. पहिल्याच हेलकाव्याला त्या खिदळल्या. झोका देत मी दटावलं, “बसलात त्या पाटीवर काय लिहिलंय? पाय वर घ्या.”