उरलेले दोन रंग
स्टाईल कन्सल्टंटचा बोर्ड लावल्यापासून बाया ब्लाउज शिवायचे भाव विचारून जात होत्या. आज पहिलं खरं गिऱ्हाईक आलं. बाई दर्यापूरच्या, नुकत्याच मुख्याध्यापिका झालेल्या. “मले कोणते रंग शोभतात, तेवढं सांगा.” चेहऱ्याजवळ धरून पाहायचे रंगीत कापडाचे तुकडे मी मुंबईहून मागवले होते. पेटी उघडली, तर आत फक्त पांढरा आणि काळा. तशीच स्वयंपाकघरात गेले. “काल हळदीकुंकवाले बाया आल्या होत्या,” सासूबाई भाजी चिरत म्हणाल्या, “त्याइच्या ओटीत घातले. ब्लाउजपीस नुसते पडून होते तुये. पांढरा-काळा ठेवला मी, तो कोन देते?” दातओठ खात परतले. बाई ते दोन्ही तुकडे गळ्याशी धरून आरशात पाहत होत्या. “बाकीचे रंग उद्या दाखवते,” मी म्हणाले. त्यांनी तुकड्यांची घडी घातली. “नवरा गेल्यापासून घरचेही हेच दोन दाखवून राह्यले.”