डावीकडच्या पट्ट्या

रूपाबाईनं कीबोर्डच्या एका पट्टीवर बोट ठेवलं, दाबलं आणि वाट पाहिली. मग दुसरी दाबली.

"हे मुकं हाये," तिनं निकाल दिला.

वाशीमच्या त्या वाद्यांच्या दुकानाचा मालक तौकीर हसला. "मावशी, याच्यात आवाज नसतेच. आवाज तुमच्या पोराच्या लॅपटॉपमधी. हे फकस्त त्याले सांगते, कोनता काढायचा."

"मंग याचे पैसे कायचे?"

"बोट ठेवायचे."

हे तिला पटलं. कागदावर अंगठा उठवायचेही पैसे तिनं आजवर दिले होते. धंदा ओळखीचा निघाला.

तिचा मुलगा नवीन मानोऱ्याजवळच्या तांड्यावर, घरातल्या सोयाबीनच्या पोत्यांना टेकून, लॅपटॉपवर वरातीची गाणी बनवत असे. एकेक सूर माउसनं टिचकी मारून बसवायचा, डाळीतले खडे वेचावेत तसा. आता त्याला बोटांनी वाजवायचं होतं. पैसे मात्र याडीच्या, म्हणजे आईच्या कमरेला होते, आणि याडी आपल्या कमरेला सोडून कुठं जात नसे.

टेबलावर दोन कीबोर्ड होते. एक पंचवीस पट्ट्यांचा, काखेत मावेल असा. दुसरा एकसष्ट पट्ट्यांचा, तिरडीसारखा लांब.

"मले लहाना बस हाये," नवीन म्हणाला.

"घेऊ नको ना लंबा. वाजवून तं पाह्य," म्हणत तौकीरनं लांबड्याची वायर नवीननं सोबत आणलेल्या लॅपटॉपात खुपसली आणि लॅपटॉप दुकानातल्या मोठ्या स्पीकरला जोडला.

नवीननं मधली पट्टी दाबली.

"नवीऽन, घरी ये!"

स्पीकरमधून रूपाबाई ओरडली. खुर्चीवरची रूपाबाई दचकून दाराकडं वळली.

"माही हाक याच्यात कोनं कोंबली?"

"मीच, याडी. तू संध्याकाळी अंगनातून बोलावते ना, ते मोबाइलवर धरली. नव्या गान्यात घालाची हाये."

"मले इचारलं काहून नाई?"

"इचारलं असतं तं तू पैसे मांगतले असते."

तौकीरला हसू आवरेना. नवीननं ती एकच हाक सगळ्या पट्ट्यांवर पसरली होती. उजवीकडं जावं तसा आवाज बारीक व्हायचा, डावीकडं जावं तसा जाड. रूपाबाईनं पोराचा हात बाजूला सारला आणि उजवीकडची एक दाबली. कोवळ्या पोरीनं हाक मारली.

"हे मी. शेळ्या राखत होती तवाची." टोकाची दाबली. नुसती चिवचिव. "हे मी पाळन्यातली."

मग ती डावीकडं वळली. हाक थकली, रुंदावली. रूपाबाईच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, उचलायचं विसरल्यासारखं.

"हे माही याडी हाये."

"याडी, हे तूच. आवाज फकस्त जाड झाला."

"माह्या मायले मी वळखत नाई का रे?"

नवीननं आजीला पाहिलंच नव्हतं. रूपाबाई तीच पट्टी पुन्हा पुन्हा दाबत राहिली, हलक्या हातानं. "लंबाच घेऊ," ती म्हणाली. तौकीरनं लगेच खोका शोधायला घेतला.

ती आणखी डावीकडं सरकली. "हे याडीची याडी. दात नव्हते तिले." त्या हाकेत खरंच दात नव्हते. ती अजून सरकली. आता आवाज बाईचा की बाप्याचा ते कळत नव्हतं. एकेक अक्षर विहिरीतून ओढून काढल्यासारखं येत होतं.

"नऽवीऽऽन… घऽरीऽऽ येऽऽ…"

तव्यावरून काढावं तसं तिनं बोट काढलं.

"हे कोन ते मले ठाव नाई," ती म्हणाली. "इले मी कदी पाह्यलं नाई." मग पोराकडं बघून, अगदी हळू, "इले तुहं नाव कोनं सांगतलं?"

नवीननं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिनं त्यावर हात ठेवला.

"ओ देऊ नको."

उत्तर त्याला ठाऊक होतं. सगळं त्यानंच तर केलं होतं. तरी त्यानं तोंड मिटलं.

"लहाना द्या, भाऊ," रूपाबाई तौकीरला म्हणाली. "त्याच्यात खालच्या पट्ट्या नाईत ना?"

"नाईत."

मायलेक दोघंही सुटल्यासारखे झाले. पण तौकीर प्रामाणिक दुकानदार होता, घात तिथंच झाला. गिऱ्हाइकाला कमी माल गेला असं वाटू नये म्हणून त्यानं लहान्याची वायर लावली आणि कोपऱ्यातलं एक बटन दाखवलं. "जीव छोटा करू नका, मावशी. हे दाबलं का याच पट्ट्या खाली सरकतात. पुन्हा दाबलं का आनखी खाली. लंब्याच्याबी खाली जाते हा."

"राहू द्या, तौकीरभाई," नवीन म्हणाला.

"पाहून तं घे." त्यानं बटन दाबलं, दाबलं, दाबत राहिला आणि डावीकडची शेवटची पट्टी धरून ठेवली.

काहीच ऐकू आलं नाही. नुसता स्पीकरचा पडदा श्वास घ्यावा तसा आत-बाहेर होत होता. मग भिंतीवर टांगलेल्या ढोलक्यांची कातडी थरथरली. एक, मग तिच्या शेजारची, मग सगळी रांग. त्यांच्यावरची धूळ उन्हात उडायला लागली.

नवीननं स्पीकरची वायर उपटली.

तौकीर आपल्या बोटाकडं पाहत राहिला. वायर नवीनच्या हातात लोंबत होती आणि ढोलक्या थांबत नव्हत्या.

रूपाबाई उठली. पोराच्या पुढ्यात आली, पदर डोक्यावर ओढला आणि दारात आलेल्या शेजारणींना बोलावं तशी भिंतीला म्हणाली, "येते तो घरी, येते. घाई कायची हाये तुमाले?"