सहा नंबरचं मचाण

यंत्र आधी मिर्कानं स्वतःच्या कानांना लावून पाहिलं. बटण फिरवताच फ्रीजची घरघर, पाळण्यातल्या हिल्लाचा श्वास, दाराबाहेर येपे कुत्रा अंग खाजवत होता तेसुद्धा, सगळं एकदम जवळ आलं. मग तिनं जोरात टाळी वाजवली. ती कापसात गुंडाळल्यासारखी ऐकू आली. दुकानदार म्हणाला होता तसंच. बारीक आवाज मोठे करायचे आणि बार उडाला की त्याच क्षणी कान झाकायचे. कमी ऐकू येणाऱ्या शिकाऱ्यांसाठीच ते बनवलेलं होतं.

तिनं ते सासऱ्यांच्या, ताइस्तोंच्या, डोक्यावर चढवलं आणि आवाज तीनवर ठेवला. ताइस्तोंनी तो लगेच एकवर आणला.

"अहो उक्की, एकवर काय ऐकू येणार?" हिल्ला झाल्यापासून ती त्यांना उक्की, म्हणजे आजोबाच म्हणायची.

"बॅटरी वाचते," ते म्हणाले.

टीव्हीसमोर बसलेला तिचा नवरा यार्को हसला. आता म्हाताऱ्याला शिव्या द्यायच्या तर अंगणात जावं लागणार, असं म्हणाला. मग त्यानं टीव्ही लावला, आवाज नेहमीसारखा मोठा, वडिलांसाठी म्हणून.

मिर्का मात्र हसली नाही. उद्या शिकारीच्या हंगामातला पहिला हाका होता.

गेल्या ऑक्टोबरात मूस हरणाच्या हाक्यात, जनावर मचाणांकडे पिटाळायला, ती कुत्रा घेऊन झाडीत होती. टोळीचा म्होरक्या केइयो वायरलेसवर म्हणाला, हाका संपला. ते ऐकलं की प्रत्येकानं बंदूक रिकामी करायची आणि आपल्या मचाणाचा नंबर सांगून तसं कळवायचं, हा टोळीचा नेम. मिर्का निर्धास्त होऊन रस्त्याकडे निघाली, आणि एक गोळी आली. तिच्या खांद्यापासून हातभर अंतरावर बर्चच्या झाडाची साल उडाली. हिल्ला तेव्हा तिच्या पोटात होती.

गोळी आली त्या बाजूला दोनच मचाणं होती. सहावर ताइस्तो, सातवर यार्को. केइयोनं तोंड उघडायच्या आत ताइस्तो पुढे झाले. माझ्या हातून झालं, म्हणाले. हाका संपल्याचं ऐकू आलं नाही, झाडी हलली, मूस वाटलं. यार्को गाडीमागे जाऊन ओकत होता. बायको पोटुशी, कोणाचीही तीच गत झाली असती.

एक्कावन्न हिवाळे ताइस्तो त्या मचाणावर उभे राहिले होते. या वर्षी राहायचं की नाही, हे केइयोनं मिर्कावर सोडलं. गोळी तिच्याजवळून गेली होती, तेव्हा निकालही तिनंच द्यायचा. तिनं सांगितलं, उक्की यंत्र लावून उभे राहतील आणि झाडीत मीच जाईन. मात्र हाका संपल्याचं एकदा जरी चुकलं, तर मचाण कायमचं सुटलं. ताइस्तोंनी मान हलवली. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःहून त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता.

सकाळी टोळीच्या शिकारी झोपडीच्या वळचणीखाली बाबागाडीत हिल्ला झोपली. थंडीत बाहेरच मुलं शांत झोपतात. केइयोची बायको सूप ढवळत तिच्यावर लक्ष ठेवून होती.

झाडीत मिर्काचं मन थाऱ्यावर नव्हतं. येपे पुढे ओढत होता आणि ती दर चार पावलांवर सहा नंबरच्या दिशेनं पाहत होती. अंगात भगवं जाकीट, डोक्यावर भगवी टोपी, तरी तिला वाटत होतं आपण दिसतच नाही. येपे भुंकला, तीन नंबरवरून दोन बार झाले, आणि मूस पडलं. मग केइयोचा आवाज आला.

"हाका संपला. बंदुका रिकाम्या करा."

मिर्का कुत्र्याला पोटाशी धरून एका मोठ्या दगडाआड बसली. एक, दोन, तीन. चार. पाच.

"सहा. रिकामी."

लगेच आलं. येपेच्या कानात तोंड खुपसून ती तशीच बसून राहिली.

सात गप्प होता. केइयोनं दोनदा विचारलं. थोड्या वेळानं पुन्हा सहाचाच आवाज आला, धापा टाकत. सातची पण रिकामी आहे, मी त्याच्यापाशीच उभा आहे. केइयो म्हणाला की यंदा नाताळला सगळ्यांनी मिळून यार्कोच्या वायरलेसला बॅटरी घेऊन द्या. टोळी हसली. मिर्काही हसली, त्या दिवसात पहिल्यांदा.

झोपडीत केइयोनं पहिली वाटी ताइस्तोंना दिली. सहा नंबर त्यांचाच, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. कोणी म्हणालं की आता म्हाताऱ्याच्या पाठीमागे बोलायची चोरी झाली. कोणी म्हणालं, म्हाताऱ्याच्या बायकोला आधी विचारा, हे यंत्र ती घरात चालवून घेईल का. खिडकीपाशी बसलेला यार्को सगळ्यांत मोठ्यानं हसला. ताइस्तोंनी यंत्र काढून खुंटीला अडकवलं आणि ते सूप प्यायला लागले. मिर्कानं त्यांच्या वाटीत जास्तीचं मांस वाढलं.

"हिल्ला उठली," ताइस्तो म्हणाले.

मिर्काला टोळीच्या हसण्याशिवाय काही ऐकू आलं नव्हतं. ती बाहेर गेली. हिल्ला डोळे उघडून स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती, अजून रडलीसुद्धा नव्हती. मिर्कानं तिला उचललं. यंत्र तर आत खुंटीलाच होतं.

मागे दार वाजलं. ताइस्तो चार पावलांवर येऊन थांबले. ती वळली नाही. हिल्लाच्या लोकरी टोपीवर ओठ टेकवून, झोपलेलं मूलही जागं होणार नाही इतक्या हळू तिनं विचारलं,

"उक्की, गेल्या वर्षी हाका संपल्याचं तुम्हाला ऐकू आलं होतं?"

ताइस्तोंनी एकदा खिडकीकडे पाहिलं.

"आलं होतं," ते म्हणाले. "बंदूक रिकामी करूनच मी मचाणावरून उतरत होतो."

हिल्लानं आता भोकाड पसरलं. खिडकीच्या काचेपलीकडे, वीतभर अंतरावर, यार्को भाकरीचा तुकडा सुपात बुडवत होता. त्यानं मान वळवली नाही.